सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

त्याचं खरं नाव धंद्यात कुणी घेत नसे आणि घरी बायको घेत नसे, त्यामुळे ते असून नसल्यासारखंच झालं होतं. सगळे त्याला टकटक म्हणत. ऐन भरात असताना लोक तोंडावर शेठ म्हणायचे, पण पाठ वळली की पुन्हा टकटकच.

हे नाव पडलं ते फरशीमुळे. विशीत तो फरशा बसवायचं काम करायचा. बसवलेली फरशी बोटाच्या पेराने वाजवून बघायची. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर खाली माल नीट बसलेला नाही, उचला आणि पुन्हा बसवा. बाकीचे कारागीर दहातली एखादी वाजवत, हा एकही सोडत नसे. पुढे फरशी सुटली, सवय राहिली. दारं, कपाटं, बँकेची काउंटरं, जे समोर येईल ते हा वाजवून बघायचा. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि खुर्चीत बसायच्या आधी भिंत वाजवून म्हणाला, "डॉक्टर, तुमचं प्लॅस्टर पोकळ आहे." डॉक्टरने मग त्याची दाढ वाजवून त्याला तेच सांगितलं.

फरशीवरून तो मजुरांच्या ठेक्यावर गेला आणि ठेक्यावरून स्वतःच्या इमारतीवर. सोबत होता मिस्त्री, फरशीच्या काळापासूनचा जोडीदार. हाताने चोख आणि तोंडाने त्याहून चोख. पहिली इमारत तीन मजल्यांची, कोपऱ्यावरच्या एका तिरक्या तुकड्यावर. तो तुकडा कुणी घेत नव्हतं म्हणूनच याला परवडला. इमारत झाली आणि विकेना. फरशीवाल्याने बांधलेलं घर घ्यायला कोण येणार? इकडे भाड्याच्या खोलीचं भाडं थकलेलं. शेवटी घरमालकाने सामान बाहेर काढायच्या आधी यांनीच ते काढलं आणि स्वतःच्या न विकलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर जाऊन संसार थाटला.

राहायला लागल्यावर पंधरा दिवसांत बायकोने त्याला सळो की पळो करून सोडलं. "अहो, बाथरूमचं दार आत उघडतं ते बादलीवर आपटतं. बादली काय बाहेर ठेवू?" "अहो, ही खिडकी कुणी काढली? वाऱ्याने शेगडी सारखी विझते." "दिव्याचं बटण दारामागे? अंधारात आधी दार बंद करायचं, मग दिवा लावायचा, वा रे वा." टकटक आधी चिडला. मग त्याने मिस्त्रीला हाक मारली आणि दार बाहेर उघडेल असं केलं, खिडकी सरकवली, बटण हलवलं. तीनही मजल्यांवर. घर बघायला येणाऱ्या लोकांना आता रिकाम्या भिंती दिसत नव्हत्या. शिजणारं जेवण, वाळणारे कपडे आणि जमिनीवर बसून खेळणारी एक लेक दिसत होती. बायको त्यांना चहा द्यायची आणि विचारलं नसताना सांगायची, की सकाळचं ऊन कुठवर येतं. दोन महिन्यांत सगळी घरं गेली.

तेव्हापासून हा त्याचा नियमच झाला. जे विकायचं त्यात आधी राहायचं. इमारतीतलं पहिलं तयार घर यांचं. शेवटचं घर विकलं गेलं की सामान बांधायचं आणि पुढच्या इमारतीत जायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, यांचं सिमेंटच्या गोण्यांवर होतं. लेक कठडे नसलेल्या जिन्यांवर वाढली आणि ओल्या प्लॅस्टरच्या वासाला घराचा वास म्हणायला शिकली. बायकोने किती ओटे उंच करून घेतले, किती मोऱ्यांचे उतार बदलायला लावले, याची गणती नाही. शहरात बोलबाला झाला, की टकटकच्या घरात दार दाराला आपटत नाही. श्रेय अर्थात टकटकला मिळालं. बायकोला मिळाली गुडघेदुखी, कारण लिफ्ट नेहमी सगळ्यात शेवटी लागायची.

मग एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढताना ती मध्येच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बास. मला कोरड्या भिंतींचं, जमिनीवरचं घर हवं. तुम्ही बांधा काय बांधायचं ते."

चूक तिची नव्हती. त्याने तिला खरंच घर घेऊन दिलं, शांत गल्लीतलं, बैठं, मागे छोटी बाग असलेलं, आणि तिच्याच नावावर केलं. लेक एव्हाना सासरी गेली होती. बायकोने बागेत लिंबाचं झाड लावलं. आणि टकटकने त्याच वर्षी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम काढलं: सत्तावीस मजल्यांचा टॉवर. चार मजल्यांच्या इमारतीत राहून बघता येतं. सत्तावीस मजले बांधायच्या आधीच विकावे लागतात, नाहीतर पहिल्या मजल्याच्या स्लॅबलासुद्धा पैसा पुरत नाही. म्हणून आला जाहिरातवाला.

जाहिरातवाल्याचा शर्ट पांढरा आणि बूट त्याहून पांढरे. बांधकामावर यायचा तेव्हा फळीवरूनच चालायचा. त्याने दोन गोष्टी केल्या. नकाशात प्रत्येक मजल्यावर चार घरं होती. त्याने इकडून हातभर, तिकडून हातभर घेऊन मधे पाचवं घर बसवून दाखवलं. आणि फाटकाजवळ एक सॅम्पल फ्लॅट उभा केला, म्हणजे लोकांना दाखवायचं नमुन्याचं घर. आतल्या खोल्यांना दारं नव्हती, सोफ्याला हात नव्हते, भिंतीभर आरसे होते आणि पलंगावर एक सुबक पाटी: कृपया बसू नये.

"फर्निचर जरा सडपातळ ठेवलंय, शेठ," तो म्हणाला होता. "लोक घर बघून घेतात, राहून नाही."

टकटकने मान डोलावली. सॅम्पल फ्लॅटमधली फरशी त्याने एकूण एक वाजवून बघितली. सगळी भरीव होती. त्याचं समाधान झालं. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. त्याने विचारलं नाही, एवढंच. पाचवं घर मात्र त्याने राखून ठेवलं. प्रत्येक मजल्यावरचं पाचवं घर सगळ्यात शेवटी, भाव चढल्यावर विकायचं, तो आपला नफा.

घरं भराभर गेली. घेणाऱ्यांत एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. माणूस इतका उंच की सॅम्पल फ्लॅटच्या दारातून आत येताना सवयीने वाकला. सगळी नोकरी त्याने गुडघे पोटाशी घेऊन गाडी चालवली होती, कारण बसची सीट मागे सरकत नसे. आणि घरी दोन खोल्यांत पाच माणसं, तो झोपायचा तो कोपऱ्यात, अंगाची घडी करून. त्याने निवृत्तीचे आलेले सगळे पैसे अकराव्या मजल्यावरच्या एका घरात घातले. पाटी असल्यामुळे तो पलंगावर बसला नाही. पलंगाकडे बघत त्याने टकटकला एकच विचारलं.

"शेठ, इथे माझे पाय मावतील ना?"

"मावतील की," टकटक म्हणाला.

पुढे काय झालं ते धंद्यातल्या कुणालाही सांगायची गरज नाही, आणि धंद्याबाहेरच्यांना ते कधी पटत नाही. टॉवरच्या हप्त्यांचा पैसा हातात आला, तेव्हा त्यातून टकटकने शहराबाहेर पुढच्या टॉवरसाठी जमीन उचलली. सगळेच उचलतात. पुढचा टॉवर जाहीर करायचा, त्याचे हप्ते आले की आधीचा पुरा करायचा. या बोटावरची थुंकी त्या बोटावर. भाव चढते असतात तोवर ही कसरत कुणाच्या लक्षातही येत नाही. भाव थांबले. जमीन घ्यायला कुणी येईना, बँकेने हात वर केले, आणि टकटक टॉवर गहाण टाकायला एका फायनान्सरच्या दारात गेला. या गृहस्थाला बाजारात साखरतोंड्या म्हणत. त्याचा पैसा घेताना गोड लागायचा.

टॉवरचा सांगाडा सत्तावीस मजले उभा होता. भिंती सहाव्या मजल्यापर्यंत चढल्या होत्या. तिथे काम थांबलं, मजूर पांगले आणि क्रेन एका अंगाला तोंड करून गप्प उभी राहिली.

घर घेणारे लोक ऑफिसवर यायला लागले. कुणी ओरडलं, कुणी कोर्टाची भाषा केली, एकाने दाराची काच फोडली. ते सगळं टकटकने सोसलं. शिव्या देणाऱ्याला उलट शिवी तरी देता येते. ड्रायव्हर मात्र शिव्या देत नसे. तो रविवारी सकाळी एक घडीची खुर्ची घेऊन यायचा, फाटकासमोरच्या फुटपाथवर ती उघडायचा आणि अकराव्या मजल्याकडे बघत बसायचा. दुपार झाली की खुर्ची मिटून परत. नुसत्या बसलेल्या माणसाला काय उत्तर देणार? टकटकने रविवारी बांधकामावर मागच्या बाजूने यायला सुरुवात केली.

एके दिवशी साखरतोंड्याने त्याला बोलावून घेतलं. ऑफिसात गारवा इतका की टकटकला खांदे आवळून बसावं लागलं.

"तुम्हाला त्रास होतोय ते बघवत नाही हो," साखरतोंड्या म्हणाला. "टॉवर आहे तसा माझ्या नावावर करा. कर्ज मिटलं. वहिनींच्या घराला मी बोटसुद्धा लावणार नाही."

"आणि ज्यांनी घरं घेतलीत ते?"

"त्यांचं बघू ना. मला तिथे ऑफिसं काढायची आहेत. त्यांचे पैसे कायद्याने जे काय व्हायचे ते होतील. दहा वर्षं म्हणा, पंधरा म्हणा."

टकटकने समोरच्या टेबलावर बोट वाजवलं. दिसायला शिसवी, आवाज पुठ्ठ्याचा. तो उठला. "सोमवारी सांगतो," म्हणाला, पण जिना उतरतानाच त्याचं ठरलं होतं. आपण आयुष्यात पुष्कळ गोष्टी उशिरा केल्या, अर्धवट एकही टाकली नाही, असं तो स्वतःलाच मोठ्याने सांगत निघाला, आणि रस्त्यातली दोन माणसं वळून बघायला लागली.

घरी बायको बागेत होती. लिंबाला त्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आपलं घर राहतं आणि त्यांची जातात," ती म्हणाली.

"हो. नाहीतर आपलं विकायचं, ती जमीन पडेल त्या भावाला काढायची, त्या साखरतोंड्याला एकदाचा फेडायचा आणि टॉवर पुरा करायचा. पाचवी घरं विकली की आपल्याला पुन्हा काहीतरी उरेल. तिथलंच एक आपण घेऊ."

"तुमचं ठरलंय की मला विचारताय?"

"ठरलंय," तो म्हणाला, "पण घर तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर मी काही करू शकत नाही."

पाण्याची झारी तिने पुन्हा भरली आणि झाडाला घातली. "विका," ती म्हणाली. "पण हे माझं शेवटचं बिऱ्हाड. त्यानंतर मला हलवायचं असेल तर चौघांनी उचलूनच हलवा."

घर विकलं. जमीन घेतली होती त्याच्या निम्म्यात गेली. साखरतोंड्याने पैसे मोजून घेतले आणि वर हात जोडून 'घरोबा ठेवा' म्हणाला. टॉवर पुन्हा टकटकचा झाला. खिसा रिकामा, पण मान मोकळी. राहायला जागा उरली होती ती एकच, फाटकाजवळचा सॅम्पल फ्लॅट. दुपारी टेंपो आला. आरशांच्या भिंतींमध्ये भांडीकुंडी, गाद्या आणि लिंबाची एक फांदी लावलेली कुंडी येऊन पडली आणि घर एकदम दुप्पट गरीब दिसायला लागलं.

सामान लावून थकलेल्या टकटकने पलंगावरची पाटी उचलून बाजूला ठेवली आणि आडवा झाला. पाय बाहेर. त्याला वाटलं आपण फार खाली झोपलोय. तो वर सरकला, तर डोकं फळीवर आपटलं. त्याने उठून वितीने मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"हा पलंग बाहेर काढा आणि आपला लावा," बायको म्हणाली. मिस्त्री मदतीला होताच. जुन्या घरातला, माणसाच्या मापाचा पलंग आत आला. लागला. मग बायकोने कपाट उघडायला घेतलं आणि दार हातभर उघडून पलंगावर आपटलं. आत हात जात होता, कपडे बाहेर येत नव्हते.

तिघेही त्या दाराकडे बघत राहिले.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," बायको म्हणाली. "आपण आधी अंथरूणच आखूड केलं आणि लोकांना विकलं."

"वर पण खोल्या याच मापाच्या आहेत," मिस्त्री म्हणाला. "पाचवं घर घुसवलं तेव्हा हातभर भिंत इकडे आली. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तू काही म्हणाला नव्हतास," टकटक म्हणाला.

"मनात म्हणालो होतो."

टकटकला हसू आलं नाही. ड्रायव्हरचा प्रश्न आणि आपलं उत्तर त्याला जसंच्या तसं आठवलं. 'मावतील की.' इतकं सहज म्हणून गेलो. आयुष्यभर ज्याने प्रत्येक घरात आधी स्वतः राहून बघितलं, त्याने सत्तावीस मजले न राहता विकले होते, आणि जे निघायचं होतं ते नेमकं तिथेच निघालं.

"पुढचं पुढे बघू," तो म्हणाला. "आधी इमारत तर पुरी होऊ दे. लोकांना आत्ता घर मिळालं तरी ते देव पावला म्हणतील. कपाटं काय, छोटी करून घेतील." पाचवं घर म्हणजे आता त्यांचं असं उरलेलं सगळं होतं, आणि ते त्याला सोडवत नव्हतं. बायको काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात टकटकला कळायला हवं होतं, की ती गप्प बसली म्हणजे प्रकरण मिटलेलं नसतं.

रविवारी ड्रायव्हर आला आणि फुटपाथवर खुर्ची उघडणार तोच बायको फाटकात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, आत या. चहा ठेवलाय."

टकटक आत दाढी करत होता. आरशात त्याला दिसलं, की ड्रायव्हर दारातून वाकून आत येतोय. बायकोने तो आखूड पलंग भिंतीला लावून ठेवला होता तो खाली केला.

"जरा झोपून बघा यावर."

"अगं, काय चाललंय?" टकटक तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"तुम्ही त्यांना मावतील म्हणाला होतात ना? मग बघू दे त्यांना."

ड्रायव्हरने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं, चपला काढल्या आणि आडवा झाला. पोटऱ्यांपासून पाय बाहेर. मग बायकोने त्याला आतला खरा पलंग दाखवला, कपाटाचं दार दाखवलं, आणि वरच्या खोल्यांचं सांगितलं. काही लपवलं नाही, काही तिखटमीठ लावलं नाही. ड्रायव्हरने चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "बाकीच्यांना तुम्ही सांगताय शेठ, की मी सांगू?"

"मी सांगतो," टकटक म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

ड्रायव्हर गेल्यावर तो बायकोवर बरसला. घर विकलं, जमीन गेली, आता हातात होतं तेवढं पाचवं घर, तेही तू चव्हाट्यावर मांडलंस. हे सगळं कुणासाठी चाललंय? बायकोने साबणाचे ओघळ पुसायला त्याच्या हातात टॉवेल दिला.

"लिंबाचं झाड मी खोट्या घरापायी सोडून नाही आले," ती म्हणाली. "बांधायचं तर नीट बांधा. नाहीतर त्या साखरतोंड्याने काय वाईट केलं असतं?"

टकटक सहाव्या मजल्यावर चढून गेला. पाचव्या घराची भिंत तिथे पुरी झाली होती. त्याने ती वाजवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरीव होती. काम चोख झालं होतं, चुकीच्या जागी झालं होतं. त्या भिंतीच्या पलीकडे त्याचा नफा होता, म्हातारपण होतं, बायकोला कबूल केलेलं शेवटचं बिऱ्हाड होतं. तो तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून राहिला. तिला उद्या कुठे ठेवायचं, याचं उत्तर त्याला सापडलं नाही. तरी उठला, आणि उठताना गुडघे कुरकुरले तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की तिला हे कधीपासून होतंय ते आपण नीट विचारलंच नाही.

खाली येऊन तो मिस्त्रीला म्हणाला, "पाड."

"काय?"

"पाचवं घर. सगळ्या मजल्यांवरचं. पुन्हा चारच घरं करायची."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" चारचौघांत मालक म्हणणारा मिस्त्री दोघेच असले की सरळ अरेतुरेवर यायचा. "मग तुला काय उरणार? घंटा?"

"तुझी मजुरी उरेल. ती देईन."

पुढच्या रविवारी घर घेतलेले सगळे लोक तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत जमले. टकटकने माईक घेतला नाही. पलंग बाहेर आणून ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. आरडाओरडा व्हायचा तेवढा झाला. लबाड, चोर, अजून काय काय. एका बाईने येऊन पलंगाला लाथ मारली आणि पलंग इतका हलका निघाला की उलटा झाला. त्यावर एक-दोघे हसले आणि हसल्याबद्दल ओशाळले. टकटकने शेवटी मागणं घातलं. भिंती पाडायचा खर्च माझा. पण पुढच्या कामाला तुमचे राहिलेले हप्ते आधी लागतील, घर मिळायच्या आधी.

"पुन्हा तुमच्या हातात पैसे द्यायचे?" कुणीतरी विचारलं.

ड्रायव्हर मागे होता. तो खुर्ची घेऊन पुढे आला, ती उघडली आणि बसला. "मी देतो," तो म्हणाला. "आज नाही. सहाव्या मजल्यापर्यंतच्या त्या भिंती पाडून झाल्यावर. मी इथे बसून बघतो. पैसे थेट सिमेंटवाल्याला, लोखंडवाल्याला. यांच्या हातात नाही."

"चालेल," टकटक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिला घण त्याने स्वतः घातला. साठीच्या माणसाने घालावा तसा घातला, म्हणजे भिंतीला ओरखडा आणि पाठीला उसण. मिस्त्रीने घण हिसकावून घेतला. आठवड्याने खाली विटांचा ढीग झाला, ड्रायव्हरने तो बघितला आणि हप्ता भरला. त्याच्यामागून हळूहळू बाकीचे आले. सगळे नाही. नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यायला कचेरीत चपला झिजल्या. मधे दोनदा काम थांबलं, एकदा सिमेंटवाल्याने गाडी परत नेली, आणि टकटकने हातातलं घड्याळ, गाडी आणि शेवटी ऑफिसची जागा विकली. बायको सॅम्पल फ्लॅटमध्ये राहिली आणि जसजसा एकेक मजला तयार झाला तसतशी गुडघे धरून वर जाऊन दारं उघडून बघत राहिली. चौदाव्या मजल्यावर तिने एक मोरी फोडायला लावली. मिस्त्री तिला घाबरायचा, टकटकला कधीच घाबरला नाही.

टॉवर पुरा झाला. चाव्या देण्याच्या दिवशी सॅम्पल फ्लॅटचे पत्रे उतरवायचं काम सुरू होतं, आणि यांचं सामान पुन्हा टेंपोत चढत होतं. मिस्त्रीच्या घरामागे भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. बायकोने त्या आधी जाऊन बघितल्या होत्या. "दारं नीट उघडतात," एवढंच म्हणाली. चौघांनी उचलून न्यायची आठवण तिने काढली नाही, आणि टकटकने ती न काढल्याचं मनात ठेवलं. सोमवारपासून त्याने एका ठेकेदाराकडे फरशीच्या कामावर देखरेख करायचं कबूल केलं होतं. लाज वाटली नाही. थोडी वाटली.

दुपारी ड्रायव्हरने त्याला अकराव्या मजल्यावर बोलावलं. लिफ्ट लागली होती. घरात अजून खोकी होती, पण आतल्या खोलीत पलंग मांडलेला होता, ड्रायव्हरने सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला, रुंद आणि लांबलचक. शेजारी कपाट. ड्रायव्हरच्या बायकोने कपाटाचं दार उघडलं. ते पार भिंतीपर्यंत गेलं.

"झोपून बघा," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचा पलंग आहे. तुम्ही आधी."

"मी काल बघितलं झोपून. आज तुम्ही बघा. तुमचीच पद्धत आहे ना, आधी राहून बघायची?"

टकटकने चपला काढल्या. आडवा झाला. पाय पसरले, पलंग त्यांच्या पुढेही वीतभर उरला होता. सवयीने त्याने हात बाजूला नेऊन भिंत वाजवली. मग हात तिथेच राहिला. खिडकीतून वारा येत होता, खाली पत्रे उतरवल्याचे आवाज येत होते, आणि आता कुणी येणार नव्हतं, कुणाला काही द्यायचं नव्हतं, काही दाखवायचं नव्हतं. डोळे मिटले ते त्याला कळलंच नाही.

बायको त्याला शोधत वर आली. टेंपोवाला खोळंबला होता. खोलीच्या दाराबाहेर ड्रायव्हर आपली घडीची खुर्ची टाकून बसला होता. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

तिने आत डोकावून बघितलं. साखरतोंड्याच्या पहिल्या चेकपासून तो कधी असा झोपला नव्हता. तिने टेंपोवाल्याला खाली फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं, की साहेबांना वेळ लागेल, तोवर चहा पिऊन ये. मग तिने ड्रायव्हरच्या बायकोकडून एक चादर मागून घेतली आणि त्याच्या पायांवर टाकली.